मैदानाला निघालेले बापलेक

मराठीत मल्लाचे वाङ्मय थोडेबहुत आहे. मल्ल पाहायला निघालेल्या माणसाचे वाङ्मय मात्र जवळजवळ नाही. चरित्रे, गौरवग्रंथ, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतील स्मृतिलेख यांतून पैलवानाची खुराक, त्याची मेहनत, त्याचे वस्ताद, त्याने मारलेली मैदाने हे सारे येते. ज्याने तांबडे फुटण्यापूर्वी मुलाला उठवले, फडक्यात भाकरी-ठेचा बांधून घेतला, पोराला कडेवर मारून एसटीच्या गर्दीत शिरला आणि दुपारच्या उन्हात मैदानाच्या पायरीवर जागा धरून संध्याकाळपर्यंत हलला नाही, तो गृहस्थ या वाङ्मयात 'अफाट जनसमुदाय' या दोन शब्दांत संपतो. आपल्या बेळगाव-निपाणी भागातील जुन्या घरांत अशा गृहस्थाची आठवण नाही असे घर क्वचित सापडेल. घरोघरी असलेली ही आठवण पुस्तकात का उतरली नाही, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम ती वाट पाहू. बेळगावाहून कोल्हापूर सुमारे एकशेदहा किलोमीटर, निपाणीहून चाळीसेक. काकती, हत्तरगी, संकेश्वर, मग तवंदीचा घाट उतरून निपाणी. पुढे यमगर्णीला वेदगंगा, कोगनोळीच्या पुढे दूधगंगा, आणि कागल. कुस्तीच्या शौकिनाला ही नावे भूगोलाची म्हणून पाठ नव्हती. कोणत्या गावच्या यात्रेत कोणती जोड लागली, कोणती निकाली झाली आणि कोणती पंचांनी बरोबरीत सोडवली, अशा खुणांनी ती त्याच्या मनात रोवलेली होती. गाडी एकेक गाव मागे टाकी तसतसा तो मुलाला त्या गावचे मल्ल सांगत जाई. मुलाच्या दृष्टीने ही पहिली वंशावळ. तीत रक्ताचा संबंध कोणाचा कोणाशी नव्हता.

आणि वाटेच्या शेवटी खासबाग. शाहू महाराज 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेला गेले, तेव्हा रोमचे कोलोसियम त्यांच्या पाहण्यात आले. पुढे त्या धर्तीवर कोल्हापुरात कुस्तीचे मैदान बांधून 1912 मध्ये ते खुले झाले. हा तपशील सर्वांना ठाऊक आहे. त्याचा अर्थ मात्र आपण नीट लावलेला नाही असे मला वाटते. मल्लाला झुंजायला मातीचा चौक पुरतो. सभोवारचा वाडग्यासारखा उतार, कोणत्याही पायरीवरून मधला हौदा मोकळा दिसावा ही योजना मल्लासाठी नव्हे, पाहणाऱ्यासाठी आहे. खासबाग हे प्रेक्षकाचा विचार करून उभे राहिलेले शिल्प आहे, आणि राजाने त्यात शेवटच्या पायरीवर बसणाऱ्या शेतकऱ्याच्या नजरेचाही हिशेब धरला. त्याला लागूनच 1915 मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले, जे पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. (2024 च्या ऑगस्टमध्ये ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, तेव्हा आपल्या भागातील कित्येक वृद्धांना घरचे माणूस गेल्यासारखे झाले. केशवरावांची ललितकलादर्श 1908 मध्ये स्थापन झाली ती हुबळीस, हेही जाता जाता स्मरावे.) पाहण्याची दोन घरे, पाठीला पाठ लावून. एकात नाटक, दुसऱ्यात कुस्ती. एकाच घरातील वडील एका रात्री इकडे आणि दुसऱ्या दुपारी तिकडे जात.

आता वाङ्मयाकडे वळू. या दोन घरांपैकी एका घराच्या प्रेक्षकाला मराठीने अमर केले आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'गणगोत'मधील 'रावसाहेब' हे शब्दचित्र आपल्या बेळगावचे. स्वतः गायक नाही, नट नाही, लेखक नाही, केवळ रसिक. गाणे आणि नाटक यांवर जीव ओवाळून टाकणारा, कानडी हेल असलेल्या मराठीत दाद देणारा आणि शिव्याही देणारा असा एक माणूस चरित्रनायक होऊ शकतो, हे त्या लेखाने सिद्ध केले. त्याला आता कित्येक दशके लोटली. खासबागेच्या पायरीवरचा रावसाहेब अद्याप कोणी लिहिलेला नाही. तो होता, याविषयी आपणांपैकी कोणाला शंका असेल असे वाटत नाही. त्याची दादही तशीच होती, शिव्याही तशाच. आणि त्याच्या मांडीशी एक मूल बसलेले होते, जे रावसाहेबांच्या मांडीशी नव्हते.

असे का व्हावे, याचे सोपे उत्तर जातीचे आणि वर्गाचे आहे: लिहिणारे नाटकाच्या घरात होते, कुस्तीच्या घरातले लिहीत नव्हते. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. शंकर पाटील पट्टणकोडोलीचे, आनंद यादव कागलचे. ग्रामीण साहित्याची जी पिढी उभी राहिली तिच्यातील मोठी नावे या मैदानाच्या हाकेच्या अंतरावरची होती. निपाणीच्या महादेव मोरे यांनी तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया लिहिल्या, ड्रायव्हर-क्लीनरांचे आणि गॅरेजचे जग लिहिले. जी गाडी मैदानाला जाई तिचे स्टिअरिंग धरणारा माणूस मराठी साहित्यात आला तो मुख्यतः मोरे यांच्यामुळे. 2024 मध्ये ते गेले. त्यांच्या मागच्या आसनांवर मैदानाला निघालेले बापलेक बसलेले असणारच. पण मोरे यांची नजर राबणाऱ्यांवर होती, रमणाऱ्यांवर नव्हती. हा दोष नव्हे, ही त्यांची निवड होती, आणि तिचे मोल मोठे आहे.

खरा विचार 'झोंबी'चा करायला हवा. आनंद यादवांचे हे आत्मचरित्रात्मक लेखन 1987 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 1990 मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कागल हे शाहू महाराजांच्या जन्मघराण्याचे गाव. कोल्हापूरच्या वाटेवरचे आपले शेवटचे मोठे गाव. त्या गावातून आलेल्या, बाप आणि मुलगा यांच्या नात्यावरील मराठीतील कदाचित सर्वांत समर्थ पुस्तकाचे नाव कुस्तीच्या परिभाषेतले असावे, ही साधी गोष्ट नाही. झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली झटापट. पण ती कोणाची? मुलाला शिकायचे आहे, बापाला मळ्यात हात हवा आहे. दोघे एकमेकांना भिडले आहेत. त्या पुस्तकात बाप आणि मुलगा समोरासमोर उभे आहेत. मराठी आत्मचरित्राने, विशेषतः शिक्षणाने वर आलेल्या मुलांच्या आत्मचरित्राने, बापाला पाहिले ते बहुधा असेच, समोरून. कधी अडवणारा, कधी झिजणारा, कधी व्यसनात बुडालेला. त्याला मुलाच्या शेजारी बसलेला, दोघांची नजर तिसऱ्याच गोष्टीवर खिळलेली, असे पाहण्याची सवय आपल्या गद्याला लागली नाही. शिकून बाहेर पडलेल्या मुलाला बापाशी झालेले भांडण वाङ्मयीन वाटले. बापाबरोबर लुटलेला आनंद मात्र त्याला सांगण्याजोगा वाटला नाही. काहींना तर त्याची थोडी लाजही वाटली असावी. मैदान, माती, हलगी, फेटे हे सारे ज्या गावपणातून तो बाहेर पडत होता, त्याच गावपणाचे होते.

शेजारी बसून पाहणे हे नाते म्हणून वेगळे असते. आपल्या घरांतील बाप मुलाशी बोलत नसत. उपदेश करीत, हुकूम सोडीत, पण बोलत नसत. मैदानात मात्र बोलण्याला विषय मिळे आणि दोघांना एकमेकांकडे पाहावे लागत नसे. "आता बघ, पट काढंल," एवढे वाक्य, आणि पुढच्या क्षणी तसे घडले की बापाचा शब्द खरा ठरल्याचा जो आनंद मुलाला होई, तो इतर कोणत्याही प्रसंगाने दिला नाही. चुकले तर त्याहून मोठे नवल: बापही चुकतो, आणि चुकल्यावर मांडीवर थाप मारून हसतो, हे मुलाने पाहिलेले असे ते फक्त इथे.

इंग्रजी वाङ्मयात ही जागा फार पूर्वी ओळखली गेली. विल्यम हॅझलिटने 1822 मध्ये 'द फाइट' हा निबंध लिहिला. आदल्या वर्षीच्या डिसेंबरात हंगरफोर्ड येथे नीट आणि हिकमन या दोन मुष्टियोद्ध्यांची लढत झाली. ती पाहायला तो लंडनहून निघाला. निबंधाचा बराच मोठा भाग लढतीत जात नाही, वाटेत जातो. टपालगाडी चुकते, दुसरी गाठावी लागते, खानावळीत जागा नसल्याने रात्र बसून काढावी लागते, सकाळी उरलेले मैल पायी तुडवावे लागतात. सहप्रवाशांच्या गप्पा, पैजा, बढाया. लढतीचे वर्णन येते तेव्हा ते जबरदस्त आहेच. पण वाटेने वाचकाला आधीच शौकीन करून सोडलेले असते. मूल मात्र या निबंधात नाही.

मूल आणले ते अमेरिकेच्या बेसबॉलने. त्या खेळाचे नियम आपल्याला कळण्याची गरज नाही; एवढे ध्यानात ठेवावे की तो संथ खेळ आहे, त्यात बोलायला फुरसत मिळते, आणि शहराचा म्हणून एक संघ असतो ज्याचे वेड बापाकडून मुलाकडे येते. रॉजर कान यांचे 'द बॉइज ऑफ समर' (1972) आणि डोनल्ड हॉल या कवीचे 'फादर्स प्लेइंग कॅच विथ सन्स' (1985) ही त्या वाङ्मयातील मान्यवर पुस्तके. मला स्वतःला त्यांहून जवळचे वाटते डोरिस कर्न्स गुडविन यांचे 'वेट टिल नेक्स्ट इयर' (1997). लेखिका इतिहासकार, ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाची भक्त. ती सहा वर्षांची असताना वडिलांनी तिला खेळाची नोंद ठेवण्याची वही दिली. दिवसभर ते कामावर. दुपारचा सामना मुलीने रेडिओवर ऐकायचा, वहीत टिपायचा, आणि संध्याकाळी ते घरी आले की आरंभापासून सांगायचा. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात हे सारे छापून येते ही गोष्ट वडिलांनी तिला कळू दिली नाही. आपण सांगितले नाही तर बाबांना सामना कळणारच नाही, या समजुतीने ती सांगत राहिली. आपण इतिहासकार झालो त्याची सुरुवात तिथे, असे ती मानते. तो संघ 1957 च्या हंगामानंतर ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला. गाव तिथेच राहिले आणि संघ गेला, हे दुःख आपणांस समजावे असे आहे.

या वाङ्मयाची एक खोडही सांगितली पाहिजे. 'फील्ड ऑफ ड्रीम्स' (1989) या चित्रपटात ते पुरते पाकात बुडाले: मेलेला बाप तरुण होऊन मैदानात अवतरतो आणि मुलाशी चेंडू खेळतो. आपल्याकडे हे लिहायला कोणी बसला तर त्याने या पाकापासून दूर राहावे. आपल्या बापलेकांच्या मैदानात पायरीवरची ढकलाढकली होती, पंचांवरचे संशय होते, नूरा कुस्तीचा डाग होता, आणि बापाच्या खिशातील परतीच्या भाड्यापुरती मोजून ठेवलेली नाणीही होती.

मग आपल्याकडे काहीच निर्माण झाले नाही काय? झाले, पण ते तोंडी होते. परतीच्या गाडीतील आख्यान, असे मी त्याला म्हणेन. लोकसाहित्याचे अभ्यासक ओव्या, पोवाडे, लावण्या टिपत गेले. हा प्रकार त्यांच्या जाळ्यातून निसटला, कारण त्याला छंद नव्हता आणि त्याचा श्रोता एकच होता. ज्याने ते ऐकले आहे त्याला त्याचे नियम ठाऊक आहेत. जिंकणाऱ्याचे नाव आधी घ्यायचे नाही. हरणाऱ्याची थोरवी आधी, तीही पदरची भर घालून, कारण त्यावाचून विजयाला वजन येत नाही. मग खडाखडी, मग मानेवरची पकड, मग हलगीचा ठेका बदलला तो क्षण. डाव वर्णन करण्याची वेळ आली की शब्द अपुरे पडत आणि सांगणारा आसनावरच मुलाचे मनगट धरी: ढाक अशी बसली, घिस्सा असा लागला, एकलांगी अशी भरली. पुढच्या आसनावरचा प्रवासी वळून "तसं नव्हं, डावा पाय होता," असे दुरुस्त करी आणि तवंदीचा घाट संपेपर्यंत वाद चाले. मैदानात जेमतेम दोन मिनिटे चाललेली कुस्ती गाडीत अर्धा तास चाले. पुढे वर्षागणिक ती वाढे. मैदानी कुस्तीला घड्याळ नव्हते, तसे या आख्यानालाही नव्हते. तोंडी परंपरेत पाठभेद कसे होतात याचे शिक्षण मला वाङ्मयाच्या कोणत्याही ग्रंथाने दिले नाही एवढे या आख्यानांनी दिले. एकाच निकालाचे बेळगावचे कथन, निपाणीचे कथन आणि कागलचे कथन वेगवेगळे असे.

या आख्यानांत एक नाव वारंवार येई, आणि तिथे आपल्या भागाचा प्रश्न येऊन भिडतो. श्रीपती खंचनाळे 1934 मध्ये जन्मले ते चिकोडी तालुक्यातील एकसंब्यात. तेव्हा हा सारा मुलूख मुंबई इलाख्यात होता. पैलवान म्हणून ते घडले कोल्हापुरात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना झाली, त्यांचे गाव म्हैसूर राज्यात गेले. आणि तीनच वर्षांनी, 1959 मध्ये, दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून ते पहिले हिंदकेसरी झाले. हा मल्ल कोणाचा? कोल्हापूर म्हणे आमचा, चिकोडी भाग म्हणे आमचा, आणि दोघांचेही खरे होते. कन्नड बोलणारा शेतकरी आणि मराठी बोलणारा शेतकरी एकाच पायरीवर बसून त्यांच्या नावाने फेटा उडवी. कन्नडात तालमीला गरडी मने म्हणतात, कुस्तीला मात्र कुस्तीच म्हणतात. 2020 च्या डिसेंबरात कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

आपल्या सीमाभागाच्या मराठी लेखनाने सीमा ही गोष्ट मुख्यतः जखम म्हणून लिहिली. ते समजण्यासारखे आहे. महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल, 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा, 2022 च्या डिसेंबरात अडलेल्या बसगाड्या, हे सारे ज्यांनी सोसले त्यांनी ते लिहावे हे उचितच. पण केवळ तेवढेच लिहिल्याने एक विपरीत घडले. सीमेचे जे रूप आपल्या वडिलांनी दर मोसमात पायाखाली घातले, ते कागदावर उरलेच नाही. कोगनोळी ओलांडताना आपण राज्य ओलांडतो आहोत हे मांडीवरच्या मुलाला कळत नसे, आणि बापाला कळले तरी त्या घटकेला त्याचे चित्त दुसरीकडे असे: पहिल्या नंबरची कुस्ती सुरू होण्यापूर्वी पोहोचू की नाही. ज्या लेखकाला सीमाभागाची मराठी कादंबरी लिहायची आहे त्याने ही घालमेल एकदा मोजून पाहावी. मोर्चात चालणारा आणि मैदानाला धावणारा, हे दोन वेगळे मराठी गृहस्थ नव्हते. त्या दोघांना एका देहात आणणारे पात्र अजून माझ्या वाचनात आलेले नाही.

राहता राहिली मुलगी. गुडविनबाईंचे पुस्तक वाचताना मला सतत टोचत राहिले ते हे, की आपल्या वाटेवर मुलगी नव्हती. बापाच्या बोटाला धरून मुलगा जाई. मुलगी दारात राही. 'दंगल' (2016) या हिंदी चित्रपटाने बाप आणि मुली यांना आखाड्यात एकत्र आणले, तो हरियाणाचा. महाराष्ट्रात स्त्रियांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा 2023 मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी ही पहिली मानकरी ठरली. मैदान मुलींना खुले झाले ते हे असे, आपल्या डोळ्यांदेखत. पण दारात राहिलेल्या त्या जुन्या मुलींकडे एक ठेवा आहे, ज्याचा आपल्या समीक्षेने विचार केलेला नाही. मुलाने कुस्ती पाहिली होती, म्हणून त्याला आख्यान अर्धेच ऐकावे लागे. मुलीला ते सबंध ऐकावे लागे, कारण तिच्याजवळ दुसरे काही नव्हते. ती बापाला मध्येच अडवून विचारी, मागच्या वेळी तुम्ही उजवा हात म्हणाला होता. या आख्यानांची शुद्ध प्रत कोणाकडे असेल तर ती तिच्याकडे.

आमच्या घरात ती थोरल्या बहिणीकडे आहे. वडील मला नेत, तिला नेत नसत. ते हातपाय धुऊन ओसरीवर टेकले की ती तांब्या-भांडे पुढे ठेवून तिथेच बसे. आज ती ऐंशीच्या घरात आहे. खासबागेत तिने आयुष्यात कधी पाऊल ठेवले नाही, आणि तरीही हौद्याच्या कोणत्या बाजूला वडील बसत, तिथून ऊन किती वाजता सरके, हे ती मला सांगते. मागच्या दिवाळीत मी एका कुस्तीचा निकाल तिला चुकीचा सांगितला. तिने तो तिथल्या तिथे दुरुस्त केला, आणि मग वडिलांच्याच चालीवर, हरणाऱ्यापासून सुरुवात करून, ती कुस्ती मला पहिल्यापासून ऐकवली.